नकाशा उघडा : बर्फाच्या पठारावर जायचा बेत



नकाशा उघडलात? वही, पेन्सिल आणि पट्टी जवळ घेतलीत? छान! आज आपल्याला लांब जायचंय. थेट जपानला, आणि तेही भर थंडीत, बर्फावरून घसरायला!

"आम्ही कसले जातोय जपानला!" असं कुणीतरी मागच्या बाकावरून पुटपुटलंच. अरे, तिकीट लागतं ते जायला. बेत आखायला कुठे लागतं? वही-पेन्सिलीवर भागतं. आणि आज ज्याला बेत नीट आखता आला, त्याला उद्या राजगडावर जायचं असो, मनालीला जायचं असो की टोकियोला, अडचण पडत नाही. तुमच्यापैकी काही जण खरोखरच जाणारही असतील. तेव्हा आई-बाबा, तुम्हीही जरा सरकून इकडे बसा. शेवटी तुमच्यासाठी वेगळं पान ठेवलंय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. आपला बेत दहा दिवसांचा आहे, पण वहीत नऊच दिवस भरायचे. एक दिवस मुद्दाम कोरा सोडायचा. का? ते पुढे कळेलच.

जायचं कुठे?

जपानच्या नकाशात होन्शू हे सगळ्यात मोठं बेट शोधा. त्याच्या पोटात, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला नागानो नावाचा प्रांत दिसेल. या प्रांताच्या उत्तरेला, यामानोउची गावाच्या हद्दीत शिगा कोगेन आहे. कोगेन म्हणजे उंचावरचं पठार. पण पाचगणीच्या टेबललँडसारखं सपाट पठार डोळ्यांपुढे आणू नका बरं का! इथे डोंगर, दऱ्या, तळी आणि घनदाट जंगल असं सगळं आहे. हा भाग जोशिनएत्सु कोगेन राष्ट्रीय उद्यानात येतो. हे उद्यान १९४९ साली झालं.

शिगाचे उतार सुमारे १,३०० मीटरपासून सुरू होतात आणि योकोतेयामा शिखरावर २,३०७ मीटरपर्यंत पोचतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी साडेसहाशे मीटर चढा, की झालं योकोतेयामा! शिखरावर पावाची एक भट्टी आहे. जपानमधली सगळ्यात उंचावरची बेकरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात खुर्चीच्या लिफ्टनं वर जायचं, गरम पाव खायचा आणि घसरत खाली यायचं. आहे की नाही मजा?

पठारावर स्कीइंगची डझनाहून अधिक छोटी-मोठी मैदानं आहेत. बरीचशी एकमेकांना जोडलेली आहेत. जिथे जोड नाही तिथे बस नेऊन सोडते. आपल्यासारख्या नवशिक्यांना सोपे, रुंद उतारही भरपूर आहेत.

इतका बर्फ येतो कुठून?

आता भूगोलाची एक गंमत. नकाशात शिगाचा अक्षांश पाहा. ३६ आणि ३७ च्या मध्ये येतो ना? म्हणजे आपल्या श्रीनगरपेक्षा थोडासाच उत्तरेला. उंचीही हिमालयापुढे काहीच नाही. तरी बर्फ मात्र माणूस बुडेल इतका! असं का व्हावं?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त पावसाच्या रूपात. जूनमध्ये अरबी समुद्रावरून वारे येतात, वाटेत पाणी पितात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला धो-धो कोसळतात. घाटाच्या पलीकडे माण-खटावात मात्र ढग रिकाम्या हातानं पोचतात. जपानमध्ये हेच नाटक हिवाळ्यात होतं. तिथे सायबेरियाकडून कोरडे, गार वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यातून दक्षिणेकडून आलेला कोमट पाण्याचा प्रवाह वाहत असतो. वारे त्यातली वाफ उचलतात, होन्शूच्या डोंगरांना अडतात आणि सगळा माल बर्फाच्या रूपात तिथेच उतरवतात. डोंगरापलीकडच्या टोकियोत त्याच दिवशी निळंभोर आकाश आणि लख्ख ऊन असतं. म्हणजे टोकियो हे जपानच्या हिवाळ्यातलं माण-खटावच म्हणा ना!

शिगाच्या उत्तरेला, समुद्राच्या बाजूला ताकादा नावाचं गाव आहे. तिथे फेब्रुवारी १९४५ मध्ये जमिनीवर ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. तुमच्या खोलीची उंची मोजा आणि बघा, छत वर राहतं की बर्फ! याच ताकादा गावात १२ जानेवारी १९११ रोजी थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियाच्या लष्करी अधिकाऱ्यानं जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवायला सुरुवात केली. त्याच्या हातात दोन नाही, एकच लांब काठी असे. जपानमधलं स्कीइंगचं शिक्षण इथून सुरू झालं असं मानतात.

कधी जायचं?

इथे आपली पहिली खरी अडचण येते. शाळा! दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बर्फ पडलेलाच नसतो. नाताळच्या सुट्टीत बर्फ असतो, पण जपानी लोकांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे नवं वर्ष. त्या आठवड्यात अख्खा जपान प्रवासाला निघतो. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांचं जे होतं, तेच समजा. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ अगदी भुसभुशीत असतो, पण तेव्हा शाळा भरलेली असते.

मग? शिगा पडतं उंचावर, म्हणून तिथला हंगाम लांबतो. योकोतेयामाच्या बाजूला एप्रिलच्या अखेरीपर्यंत, कधी मेच्या सुरुवातीपर्यंत स्कीइंग चालतं. म्हणजे आपली वार्षिक परीक्षा संपली, की जाता येतं. पण २९ एप्रिलपासून जपानमध्ये सुट्ट्यांची रांग लागते, तिला 'गोल्डन वीक' म्हणतात. ते दिवस टाळून त्याच्या आधीचा आठवडा धरायचा. तेव्हा बर्फ थोडा ओलसर, जड असतो. शिकाऊ मंडळींना तोही चालतो. शिवाय त्या सुमाराला एक जादा बक्षीस मिळतं. शिगाहून कुसात्सुकडे जाणारा रस्ता २,१७२ मीटर उंचीवरच्या शिबु खिंडीजवळून जातो. जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरची ही सगळ्यात उंच जागा. हिवाळाभर हा रस्ता बंद असतो. एप्रिलच्या अखेरीस यंत्रांनी बर्फ कापून तो मोकळा करतात, आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या पांढऱ्याशुभ्र भिंती उभ्या राहतात!

पण एक गोष्ट मात्र एप्रिलमध्ये दिसत नाही : बर्फाची भुतं. कडक थंडीत शिखरावरची झाडं बर्फानं इतकी लिंपली जातात, की पांढऱ्या कांबळ्यातले राक्षस उभे आहेत असं वाटतं. ती पाहायची तर जानेवारी-फेब्रुवारीच हवा. म्हणजे सगळं एकदम मिळत नाही. काय हवं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. दोन रकाने आखा आणि घरात मतदान घ्या. आपण आज जानेवारीचा अखेर धरून चालू. शाळेची परवानगी आई-बाबांनी काढायची!

वाट कशी?

मुंबईहून विमानानं टोकियो. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, हे लक्षात ठेवा. टोकियो स्टेशनवरून होकुरिकु शिंकान्सेन म्हणजे 'बुलेट ट्रेन' पकडायची. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. चपळ गाडी साधारण ऐंशी मिनिटांत नागानोला पोचवते. थांबत जाणारी गाडी थोडी जास्त वेळ घेते.

ही गाडी नागानोपर्यंत १ ऑक्टोबर १९९७ रोजी सुरू झाली. त्याआधी काय होतं ते ऐका, कारण ते ऐकून पुणे-मुंबईची मुलं खूश होतील. वाटेत उसुई नावाचा घाट लागतो. चढण अशी, की पंधरा मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढायची. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण साधारण सदतीसला एक. तेव्हा उसुईच्या पायथ्याला, योकोकावा स्टेशनात गाडी थांबायची आणि तिला जादा इंजिनं जोडायची. आपल्याकडे कर्जतला जोडतात ना, अगदी तशी! आणि गाडी थांबली की प्रवासी काय करणार? खाणार! कर्जतचा बटाटेवडा जसा प्रसिद्ध, तसा योकोकावाचा 'कामामेशी'. मातीच्या छोट्या मडक्यातला, वरून भाज्या नि मांसाचे तुकडे लावलेला भात. १९५८ पासून तो विकतात. बुलेट ट्रेन आली, घाटातली जुनी लाइन बंद झाली, पण मडक्यातला भात अजून आहे.

नागानोला उतरलात, की लगेच वर पळू नका. एक रात्र शहरात काढा. तिथलं झेनकोजी हे बुद्धमंदिर पाहा. मुख्य देवळाची आजची इमारत १७०७ ची आहे. आतली मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. दंतकथा सांगते, की ती मूर्ती भारतात घडली आणि कोरियामार्गे जपानला गेली. गाभाऱ्याखाली एक काळाकुट्ट बोगदा आहे. भिंतीला हात लावत, चाचपडत जायचं आणि अंधारात एक कडी शोधायची. सापडली तर पुण्य लागतं म्हणे! नाही सापडली तर पुन्हा रांगेत उभं राहा.

दुसऱ्या दिवशी नागानो स्टेशनवरून बसनं शिगा. तास-सव्वा तासात पठार येतं. बसायला डावी-उजवी कुठलीही खिडकी चालेल, दोन्हीकडे बर्फच आहे.

आणि सामान? तिथे एक झकास सोय आहे. १९७६ पासून जपानमध्ये घरपोच सामान पोचवणारी 'ताक्क्युबिन' नावाची सेवा आहे. गाडीवर पिल्लाला तोंडात धरलेल्या काळ्या मांजरीचं चित्र असतं. विमानतळावर बॅग द्यायची, ती एक-दोन दिवसांत थेट हॉटेलात हजर! १९८३ मध्ये त्यांनी खास स्कीची फळकुटं पोचवायची सेवाही सुरू केली. आपण दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्यायचे, बाकी सगळं मांजरीच्या तोंडात.

पिशवीत काय घ्यायचं?

आधी गणित करा. हवेत हजार मीटर वर गेलं, की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नागानो शहर आहे सुमारे ३७० मीटरवर, शिखर २,३०७ वर. शहरात शून्य अंश असेल तर शिखरावर किती? उणे साडेबाराच्या आसपास! वारा सुटला तर अंगाला त्याहून जास्त झोंबतं.

म्हणून कपडे कांद्यासारखे घालायचे : पाकळीवर पाकळी. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं, त्यावर ऊब धरणारा लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन मात्र आत घालू नका. मुंबईच्या उकाड्यात सूत आपला मित्र, पण बर्फात तेच घामानं भिजतं, वाळता वाळत नाही आणि अंगाची ऊब पळवतं. हातमोज्यांचा जादा जोड घ्या. ओल्या मोज्यांनी सहलीचा जितका विचका होतो, तितका कशानंच होत नाही. डोळ्यांना गॉगल आणि चेहऱ्याला उन्हाचं मलम हवंच. बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळे नि कातडी भाजून काढतं.

बूट, स्की, काठ्या, हेल्मेट विकत घ्यायचं काहीच कारण नाही. तिथे सगळं भाड्यानं मिळतं. जपानमध्ये बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगतात. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, अंगठ्यापुढे खूण करा आणि मोजा. बावीस सेंटिमीटर आलं, तर तुमचा नंबर बावीस. इतकं सोपं!

बर्फावरची बाराखडी

पहिल्या दिवशी शिक्षक हवाच. ताईनं चार व्हिडिओ पाहिले आहेत, ती शिकवेल, असं नको. पहिला धडा पळायचा नसतो, थांबायचा असतो. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची. जपानी शिक्षक सांगतात, पायांचा 'हा' करा. त्यांच्या लिपीतलं 'हा' हे अक्षर ハ असं असतं, कौलारू घराच्या छपरासारखं. टाचा जितक्या बाहेर रेटाल, तितका वेग कमी. पडावंसं वाटलं तर मागे बसू नका, बाजूला कलंडा. पडायची लाज नाही. तिथे पाच वर्षांची जपानी पोरंही पडतात, हसतात नि उठतात.

उतारांना रंग असतात. हिरवा सोपा, लाल मधला, काळा अवघड. आणि जगभरच्या स्कीवाल्यांचा एक नियम पाठच करा : पुढे असणाऱ्याला पहिला हक्क. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून धडक टाळायची जबाबदारी नेहमी मागच्याची. आपल्या रस्त्यांवरही हा नियम आला तर किती बरं होईल, नाही?

दोरी दिसली, की थांबायचं. दोरीपलीकडचा बर्फ फार सुंदर, अगदी न मोडलेल्या सायीसारखा दिसतो. पण तिथे कुणी पहारा देत नाही. झाडांच्या बुंध्यांभोवती भुसभुशीत बर्फाखाली पोकळ खड्डे असतात, त्यात माणूस डोक्यावर पडला तर एकट्याला बाहेर येता येत नाही. हिमकडा कोसळण्याचीही भीती असते. जपानमध्ये दर हिवाळ्यात दोरी ओलांडून गेलेल्यांचे अपघात होतात. शोधमोहिमेचा खर्चही अनेक ठिकाणी त्यांच्याकडूनच घेतात.

कोरा दिवस

आता वहीत बेत उतरवा.

पहिला दिवस : मुंबईहून उड्डाण.
दुसरा : टोकियो. मुक्काम नि झोप.
तिसरा : बुलेट ट्रेननं नागानो, झेनकोजी.
चौथा : बसनं शिगा. भाड्याचं सामान, बर्फात नुसतं खेळणं.
पाचवा : पहिला धडा, फक्त अर्धा दिवस.
सहावा : दुसरा धडा, हिरवे उतार.
सातवा : ________
आठवा : माकडं, गरम झरे, डोंगराखाली मुक्काम.
नववा : परत टोकियो.
दहावा : घरी.

सातव्या दिवसापुढे काही लिहायचं नाही. का ते आता सांगतो.

१९९८ च्या फेब्रुवारीत नागानोमध्ये हिवाळी ऑलिम्पिक भरलं होतं. आपल्या भारताकडून एकच खेळाडू गेला होता : शिव केशवन, ल्यूज या घसरगाडीच्या शर्यतीसाठी. वय अवघं सोळा! त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची डाउनहिल ही सगळ्यात वेगवान स्की शर्यत हाकुबा इथे ८ फेब्रुवारीला ठरली होती. हवा बिघडली. शर्यत पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. जगभरचे पाहुणे, दूरदर्शनचे कॅमेरे, करोडोंचा खर्च, सगळे खोळंबले. शेवटी ती झाली १३ तारखेला. पाच दिवस अख्खं ऑलिम्पिक डोंगराच्या होकाराची वाट पाहत होतं!

आणि त्या दिवशीही ऑस्ट्रियाचा हेरमान मायर वळणावर हवेत उडाला, जाळ्या तोडत पलीकडे आदळला. जगातला त्या काळचा सगळ्यात तरबेज गडी! सुदैवानं तो उठला. सहा दिवसांनी, १९ तारखेला, आपल्या याच शिगा कोगेनच्या हिगाशिदातेयामा उतारावर त्यानं जायंट स्लॅलममध्ये सुवर्णपदक मिळवलं. गोष्ट ऐकून टाळ्या वाजवा, पण नक्कल करू नका. त्याच्या मागे डॉक्टर होते, जाळ्या होत्या आणि आयुष्यभराचा सराव होता.

आता आपल्या घरचं चित्र बघा. समजा, बेतात एकही दिवस मोकळा नाही. सहाव्या दिवशी वादळ आलं, लिफ्ट बंद. सातव्या दिवशी सकाळी धुकं आहे, धाकट्याचे पाय दुखताहेत, आईला बरं वाटत नाहीये. पण कुणीतरी म्हणतं, "एवढे पैसे भरलेत, आज शेवटचा दिवस, चला!" आणि पैसे वसूल करायच्या नादात सगळे निघतात. पाय थकलेले, उजेड कमी, मन घाईत. पाय मुरगळतात, हाडं मोडतात ती अशाच वेळी. "फक्त एक शेवटची फेरी" ही फेरी फार महाग पडू शकते. जानेवारीत तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, लिफ्ट चारच्या सुमारास बंद होऊ लागतात. गड उतरताना अंधार पडायच्या आत पायथा गाठायचा असतो, हे ट्रेकला जाणाऱ्या मुलांना सांगायला नको.

कोरा दिवस असला, की "आज नको" म्हणता येतं. वादळ आलं, तर बुडालेला धडा सातव्या दिवशी. कुणी थकलं, तर सातव्या दिवशी गोधडीत. आणि सगळं सुरळीत झालं, तर सातवा दिवस बोनस! योकोतेयामावर पाव खायला चला.

त्याच पानावर खाली एक नियम लिहा आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या : "आपल्यातला कुणीही 'बस' म्हणाला, की ती फेरी तिथेच संपली. कुणी चिडवायचं नाही." सगळ्यात आधी सही बाबांची घ्या. कारण "बस" म्हणायला सगळ्यात जास्त लाज मोठ्यांनाच वाटते!

आजीचं काय?

आजी स्कीइंग करणार नाही (केलंच तर आम्हाला जरूर कळवा). पण तिच्याही वाट्याला मजा हवी. पठारावरून खाली उतरलं, की जिगोकुदानी नावाची दरी आहे. अर्थ आहे नरकाची दरी! जमिनीतून उकळत्या पाण्याच्या वाफा निघतात म्हणून हे नाव. १९६४ पासून इथे माकडांचं उद्यान आहे. लालबुंद तोंडाची जपानी माकडं, डोक्यावर बर्फ साचलेला, डोळे मिटून गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेली असतात. शेजारच्या धर्मशाळेच्या कुंडात ती शिरू लागली, म्हणून त्यांना स्वतंत्र कुंड बांधून दिलं. त्यांना हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, डोळ्यांत डोळे घालून बघायचंही नाही. वाट मात्र जंगलातून सुमारे १.६ किलोमीटर आहे आणि हिवाळ्यात निसरडी. आजीचे गुडघे कुरकुरत असतील, तर तिनं शिबु गावातल्या गरम झऱ्याच्या स्नानाचाच बेत धरावा. तिथे आधी बाहेर साबणानं स्वच्छ अंघोळ, मग कुंडात उतरायचं. कुंड धुण्यासाठी नाही, शेकण्यासाठी असतं. अगदी वज्रेश्वरी-गणेशपुरीचीच बहीण समजा.

पोटोबा

नागानोची सफरचंदं खा. 'ओयाकी' खा : पिठाच्या पारीत भाजीचं सारण भरून भाजलेली जाड कचोरीच म्हणा. कुटूच्या पिठाच्या शेवया, 'सोबा', इथल्या प्रसिद्ध. शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवायचं. भाजीच्या किंवा शेवयांच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, "मासेही नकोत, माशाचा रस्साही नको" असं जपानी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवा. हॉटेलला आधी कळवा. आणि थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटणी आहेच की!

आई-बाबांसाठी

जपानचा व्हिसा भारतीयांना आधी काढावा लागतो, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. प्रवासाचा विमा घेताना बारीक अक्षरं वाचा : अनेक विम्यांत स्कीइंगसारखे खेळ धरलेले नसतात, ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. खर्चाचे पाच रकाने करा : विमान, रेल्वे-बस, मुक्काम, लिफ्ट-सामान-शिक्षक, जेवण. सगळ्यात आधी शिक्षकाचा खर्च कापू नका. तिथली वीज १०० व्होल्टची आणि दोन चपट्या पिनांची. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ११९, पोलिसांसाठी ११०, हे मुलांकडून पाठ करून घ्या. आणि खर्च आवाक्याबाहेर वाटला, तर गुलमर्ग आणि औली आपल्याच देशात आहेत. कांद्याच्या पाकळ्या, दोरीचा नियम नि कोरा दिवस तिथेही तसेच्या तसे लागू!

या आठवड्याचा गृहपाठ

१) घरातल्या सगळ्यांच्या पावलांची सेंटिमीटरमध्ये मापं घ्या.

२) समजा, मुंबईहून रात्री ८ वाजता विमान सुटलं आणि साडेआठ तासांनी टोकियोला उतरलं. तेव्हा टोकियोच्या घड्याळात किती वाजले असतील?

३) नागानो शहरात २ अंश तापमान असताना योकोतेयामा शिखरावर साधारण किती असेल?

४) मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुठेही जाणार असाल, मामाच्या गावाला का असेना, तर त्या बेतात एक कोरा दिवस ठेवा. त्या दिवशी काय झालं, ते आम्हाला पत्रानं कळवा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात. चौथ्याचं उत्तर तुमच्याकडून येणार आहे, आम्ही वाट बघतो.

तोवर नकाशाची घडी नीट घाला. जुन्या घडीवरच घाला, नाहीतर फाटेल!